सोल्बीचे सपाट तळवे

गुन्सान, रविवार, १२ नोव्हेंबर २०२३

चि. ह्यांग-मीस दादाचे आशीर्वाद.

आईने किमचीसाठी कोबी खारवायला घेतला आहे. तुझा डबा बाजूला काढायचा का, असं मला विचारते. मी मिठाची पिशवी तिच्यापुढे सरकवतो.

सोल्बीचे पाय अजून दुखतात. आठ वर्षांची पोर संध्याकाळी पोटऱ्या धरून बसते. तिच्या सपाट तळव्यांसाठी तू तुझ्या दवाखान्यात बुटात घालायचे आधार करून दिलेस, टाचा उचलायचे, पायाच्या बोटांनी टॉवेल ओढायचे व्यायाम शिकवलेस. सहा महिने झाले, फरक शून्य! मग मला संशय आला, तर चुकलं काय? दुखणं टिकलं की दवाखाना टिकतो. शाळेच्या पालकसभेत मी हेच बोललो, तुझं नाव घेऊन. टाळ्या पडल्या. तीन आयांनी तुझ्याकडून मुलं काढली, मीही सोल्बीला पाठवणं थांबवलं. तेव्हापासून तू फोन घेत नाहीस.

परवा तिच्या वर्गशिक्षिका म्योंग बाई शाळेच्या दारात भेटल्या.

"सोल्बीचे आधार कुठे असतात हो?"

"बुटात!"

"ते बूट दिवसभर इथे दारातल्या कपाटात असतात. आत मुलं कापडी बूट घालतात. छान बोलता तुम्ही, सोल्बीचे बाबा. कधी खालीही बघत जा."

मला वाटलं, तूच त्यांना पढवलं असशील. घरी येऊन सोल्बीला दरडावलं, "आत्याने हे सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. आतल्या बुटांसाठी दुसरी जोडी पण दिली होती. तुम्हीच म्हणालात, आत्या एकावर एक खपवतेय, परत देऊन ये."

'विसरलो होतो' असं लिहायला बसलो होतो. ते खोटं आहे. दर शनिवारी तिचे कापडी बूट मीच धुतो, आतून मोकळे असतात. सभेतही मला ती जोडी आठवली होती, ह्यांग-मी. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

गुरुवारी पुन्हा पालकसभा आहे. परत पाठवलेल्या जोडीची हकीकत मी तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. ये, मागच्या रांगेत बस आणि स्वतःच्या कानांनी ऐक. पण सोल्बीला उद्याच बघ. माझ्या माफीची वाट बघत त्या पोरीने आणखी एक संध्याकाळ रडत काढू नये. हे पत्र आजच आईच्या हाती पाठवतोय, उद्या तिला तीच घेऊन येईल. मी रस्त्यावरच थांबेन, तू बोलावल्याशिवाय आत येणार नाही.

तुझं नाव चारचौघांत घेणारा तुझा भाऊ,
दोंग-ग्यू