एकशे ऐंशी सेंटिमीटर किनारा

१ मार्च, शनिवार

ठरलं! सहल होणार आणि मार्ग मी आखणार!

चौदा वर्षं दर मार्चला आम्ही सायकलींवर तंबू लादून किनाऱ्याकिनाऱ्याने जातो, आणि चौदाही वर्षं मार्ग नवऱ्याने आखलाय. सगळे त्याला कप्तान म्हणतात ते काही उगाच नाही. जानेवारीत उतारावर सायकलवरून पडला, खांद्याचं हाड मोडलं. आता गाडी चालवायला लागलाय, सायकलला मात्र डॉक्टर अजून नको म्हणतात. जेवताना म्हणाला, "यंदा रद्द करू. माझ्याशिवाय तुम्हाला नेणार कोण?"

नणंद उसळलीच. "का रे दादा, समुद्र काय तुझ्या नावावर आहे?"

मी भाजी वाढत होते. म्हटलं, मी नेते. लेक घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

मग कप्तानाची अट. व्हॅन दारात उभी आहे, फोन केलात की येतो. पण एकदा जरी "न्यायला ये" असा फोन आला, तर पुढच्या वर्षीपासून तंबू बंद. हॉटेल. गादी, पंखा, खिडकीतून समुद्र.

मी हो म्हणून बसले. आता माघार नाही.

३ मार्च, सोमवार

शिवणाचं दुकान बंद केल्यावर कापायचं टेबल मोकळं केलं आणि त्यावर नकाशा पसरला. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. जणू शिंप्यांसाठीच काढलाय! जाड दोरा ओला केला, म्हणजे कागदाला धरून राहतो. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टाचणी, टाचणीला वळसा, पुढे. खाडी, मिठागरं, नावेचा धक्का, दीपगृहाचं टोक, पुन्हा खाली वाळूचा पट्टा, शेवटी रेल्वे स्टेशन. मग दोरा उचलून टेपवर धरला.

एकशे ऐंशी. एका पडद्याची उंचीसुद्धा भरत नाही, आणि पाच दिवस पाय मारायचेत!

दर दिवशी दोन तासांची माया ठेवली आहे. शिवणीत आत जास्तीचं कापड सोडतो ना, तशी. पंक्चर झालं, नणंदेला फोटो काढायचे झाले, तर उसवून वापरता येईल.

स्वतःवर खूश आहे. लिहायला काय हरकत आहे, वाचतंय कोण!

५ मार्च, बुधवार

लेक म्हणाली, "आई, हे सगळं मोबाईल एका मिनिटात सांगतो." म्हटलं, मग त्याच्याचबरोबर जा. हसली. शपथ घेतली — पाचही दिवस मोबाईलवर रस्ता बघणार नाही. "मार्ग तुझा म्हणजे तुझाच." गुणी आहे पोरगी. माझ्यावर गेली आहे.

८ मार्च, शनिवार

सगळ्यांना मार्ग वाचून दाखवला. पहिला दिवस अडतीस, दुसरा एक्केचाळीस, तिसरा एकोणतीस. तिसरा आरामाचा! दीपगृहाशी दुपारीच पोचायचं, पाय पसरायचे. पुढे दोन दिवस छत्तीस-छत्तीस.

कप्तानाने नकाशा हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. तिसऱ्या दिवसापाशी बोट थांबलं. गालातल्या गालात हसला आणि नकाशा परत दिला. "छान आहे."

जळतोय. जळू दे.

१५ मार्च, शनिवार

पहिला दिवस — अडतीस म्हटलं होतं, अडतीस भरले! खाडीचा रस्ता तळहातासारखा. तंबू मी उभारला, स्टोव्ह लेकीने पेटवला. नणंद इस्पितळात दिवसभर लोकांचं रक्त काढते, आज डासांनी तिचं काढलं. म्हणाली, "वहिनी, आज कळलं माझे पेशंट मला काय म्हणत असतील."

१६ मार्च, रविवार

एक्केचाळीस. दुपारी वारा समोरून, तरीही नावेच्या धक्क्यावर अर्धा तास आधी पोचलो. नावाड्याने तीन सायकली बघून विचारलं, "बाई, पुरुषमाणूस मागून येतोय का?" लेक म्हणाली, "नाही काका, पुढारी पुढेच आहे," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी उगाच पाण्याकडे बघत राहिले. कानापर्यंत लाल झाले असणार.

१७ मार्च, सोमवार

उजेड आहे तोवर लिहून घेते.

सकाळी मजेत निघालो. आरामाचा दिवस! नऊच्या सुमाराला रस्ता समुद्र सोडून वळला आणि उभाच राहिला. आधी वाटलं, एक चढ आहे, संपेल. संपला, तर मागे दुसरा. त्याच्यामागे तिसरा. तंबू, भांडी, पाणी — सगळं सायकलवर. चौथ्या वळणावर नणंदेने सायकल आडवी टाकली आणि रस्त्यावर बसली. चेहरा टोमॅटोसारखा. "वहिनी, हा तुझा आरामाचा दिवस असेल, तर कष्टाच्या दिवशी मला घरीच ठेव."

मी नकाशा उघडला. दीपगृहाच्या टोकाभोवती बारीक तपकिरी रेघा, एकमेकींना चिकटून. चढाच्या रेघा! त्याच रेघांत मी टाचण्या खोचल्या होत्या. चौदा वर्षं मी कप्तानाच्या मागच्या चाकाकडे बघत सायकल चालवली, नकाशा कधी वाचलाच नाही.

आणि मी कोण? कागद सपाट असतो, माणूस नसतो. सपाट मापावर कापलंत तर छातीवर बटण लागणार नाही — हे हाताखालच्या मुलींना सव्वीस वर्षं ओरडून सांगणारी! तीच मी डोंगर दोऱ्याने मोजून बसले. एकोणतीस म्हणे!

नणंदेने फोन काढला. "दादाला लावते. पुरे झालं." बोट नावावर होतं. लेक माझ्याकडे बघत होती. ते बघणं फार जड गेलं.

म्हटलं, पाच मिनिटं दे.

बसून विचार केला. लांब कापड आखूड पट्टीत बसवायचं असलं की मी काय करते? ओढत नाही. चुण्या घालते — थोडं थोडं, सारखं सारखं. रस्त्याकडेला विजेचे खांब होते. दोन खांब सायकल ढकलायची, थांबायचं, घोटभर पाणी. पुन्हा दोन खांब. वर किती आहे ते कुणी बघायचं नाही. नणंदेच्या सायकलवरचा स्टोव्ह आणि भांडी मी घेतली. ती म्हणाली, "मरशील." म्हटलं, मेले तर फोन कर, तो चालेल.

हसली! आणि उठली.

अठ्ठावन्न खांब मोजले. शेवटचे चार मोजताना नणंदच मोठ्याने ओरडत होती. वर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दीपगृह अजून अकरा किलोमीटर. आज शक्य नाही. एका मधमाश्या पाळणाऱ्या बाईने पेट्यांपासून लांब, कुंपणाच्या आत तंबूला जागा दिली. उरलेल्या वाटेची पुन्हा वाटणी केली — छत्तीस, छत्तीस आणि हे अकरा. बेचाळीस आणि एक्केचाळीस. मायेचे तास उसवले की बसतं. रेघा मोजून बघितलं, पुढे उतारच आहे.

मग कप्तानाला फोन केला, मुक्काम बदलल्याचं सांगायला. त्याने पहिल्यांदा विचारलं, "येऊ?"

"नको."

"तिथे चढ आहे, माहीत होतं मला."

डोकंच फिरलं. "मग बोलला का नाहीस?"

म्हणाला, "बोललो असतो तर मार्ग माझा झाला असता."

मी फोन ठेवला आणि वही काढली.

१८ मार्च, मंगळवार

बेचाळीस. बहुतेक उतार. नणंद दोन्ही पाय पसरून ओरडत खाली आली, वय वर्षं एकोणपन्नास!

१९ मार्च, बुधवार

पोचलो!! पाचला दहा कमी असताना स्टेशनात. गाडी पाच पंचवीसला. एकही फोन नाही — म्हणजे न्यायला ये असा. सायकली मालडब्यात चढवल्या. हमालाने विचारलं, "कुठून आलात?" लेकीने त्याला पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला घेतलं. अठ्ठावन्न खांबांचे तिने सत्तर केले. मी दुरुस्त केलं नाही.

दुकानातल्या भिंतीवर हा नकाशा लावणार आहे, टाचण्यांच्या भोकांसकट. तिसऱ्या दिवसाची भोकं मुद्दाम दिसतील असा.

रात्री उतरलो तेव्हा कप्तान आमच्या स्टेशनवर आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "हॉटेल रद्द." नणंद म्हणाली, "लिहून दे."

२२ मार्च, शनिवार

मी एका कोटाला इस्त्री करत होते. कप्तान समोरच्या स्टुलावर येऊन बसला.

"खांदा फेब्रुवारीतच बरा झालाय. डॉक्टरांनी सायकलला तेव्हाच हो म्हटलं होतं."

मी इस्त्री उभी केली.

"धजत नाही गं. तीनदा बाहेर काढली. फाटकापर्यंत नेली आणि परत ठेवली."

म्हटलं, उद्या सकाळी दोघंच जाऊ. बाजाराच्या चौकापर्यंत.

"बघू," म्हणाला.

चौदा वर्षांत सायकलचं नाव काढल्यावर त्याच्या तोंडून "बघू" पहिल्यांदा ऐकलं.