सोनचाफ्याचं बी

॥ श्री ॥
अमरावती, ता. ५ सप्टेंबर १९५७

चि. सौ. दुर्गा हिस माणिकताईचे अनेक आशीर्वाद.

उत्तमनं ठरवलंच. दिवाळी झाली की आईनं लावलेला सोनचाफा तोडून तिथं खोली बांधणार. मी भांडून पाहिलं. त्याचं म्हणणं, लेकाचं लग्न करून त्याले काय झाडाखाली ठेवू? आपला भाऊ लहानपणापासून असाच. फांद्या लावून पाहिल्या, त्या सडल्या. आता यंदाचं हे शेवटचं बी. लाल गरासकट अठ्ठावीस दाणे शेजारच्या वामनरावांच्या हाती पाठवते. माझ्या अंगणात फरशी, माती तुझ्याकडंच. तू मॅट्रिक झालेली, तुले मी काय शिकवू?

लोभ आहेच, तो कमी करू नको.
तुझी माणिकताई

अकोला, ता. २४ नोव्हेंबर १९५७

ती. माणिकताईस दुर्गाचा सा. न. वि. वि.

लिहायला हात धजत नाही. एकही बी उगवलं नाही. मी काही चुकू दिलं नव्हतं. गर धुऊन काढला, चार दिवस उन्हात खडखडीत वाळवलं, राखेत घोळून फडक्यात बांधलं आणि दिवाळीआधीचा गुरुवार बघून पेरलं. रोज पूजा झाली की तांब्याभर पाणी घालते. काल एक उकरून पाहिलं, तर आत नुसता काळा भुगा. दोडक्याचं, अंबाडीचं बी मी असंच ठेवते, त्यानं कधी दगा दिला नाही. मग याचंच काय बिनसलं? तिथल्या माळ्याला विचार. झाड उभं असेल तर चार दाणे आणखी मिळतील का?

मुलांना आशीर्वाद. माया असू दे.
तुझी दुर्गा

अमरावती, ता. २ डिसेंबर १९५७

चि. सौ. दुर्गास आशीर्वाद.

झाड गेलं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच तोडलं. सूर्यभान माळ्याले विचारलं तर तो हसत सुटला. म्हणे, बाईनं राखेत काहून घातलं, तो काय दोडका आहे? सोनचाफ्याचं बी वाळलं की मेलं. गर काढून ओलंच सावलीत टाकायचं, वर जराशी माती, अन् दोन महिने वाट पाहायची. मी रागावली नाही. खरं म्हणजे थोडी रागावली. मॅट्रिकले बी वाळवायचंच शिकवतात वाटते. पण विचारून मीच आधी लिहायले पाहिजे होतं. आता आईचं झाड संपलं असं समज.

जिवाले लावून घेऊ नको.
माणिकताई

अकोला, ता. २० फेब्रुवारी १९५८

ती. ताईस सा. न. वि. वि.

संपलं नाही, ताई. खात्री नव्हती म्हणून कळवलं नाही. न्हाणीच्या पाण्यावर अळू लावलं आहे. संक्रांतीच्या आधी पानं खुडताना तिथं दोन अनोळखी रोपं दिसली. तण म्हणून चिमटीत धरलीही होती. पण एकाच्या शेंड्याला काळं टरफल चिकटलेलं, अगदी आपल्या बीचं. मग आठवलं, गर धुतलेलं पाणी मी तिथंच ओतलं होतं. दोन दाणे निसटले असणार. हसूही येतं आणि लाजही वाटते. एक रोप गोगलगायीनं खाल्लं. दुसरं महिन्याला एक पान काढतं. इतकं सावकाश चालतं का गं? सूर्यभानला विचार.

आशीर्वाद असू दे, माझ्यापेक्षा रोपाला जास्त.
तुझी दुर्गा

अकोला, ता. ९ मे १९६६

ती. ताईस सा. न. वि. वि.

आठ वर्षं प्रत्येक पत्रात तू चाफ्याची खुशाली विचारलीस. आज पहिलं फूल आलं. पण रंग तो नाही. आईच्या झाडाचं फूल हळदीसारखं होतं, हे ताकाच्या निवळीसारखं फिकट. खत कमी पडलं की पाणी? देवाला वाहायला खुडलं आणि हातातच राहिलं. आईच्या झाडाचं म्हणून वाहायचं होतं. हे म्हणतात, चाफा तो चाफा. त्यांना काय कळतं? फूल पाकिटात घातलं आहे. वास घेऊन तूच सांग.

वाट पाहते.
तुझी दुर्गा

अमरावती, ता. १४ मे १९६६

चि. सौ. दुर्गास आशीर्वाद.

फूल काळं पडून आलं, तरी वास होता. उत्तमले दिलं. तो बराच वेळ हुंगत बसला, मग म्हणाला, हा आपला नव्हे. मलेही तसंच वाटलं, याचा वास जरा उग्र आहे. सूर्यभान आता थकला, पण जीभ तशीच आहे. त्याचं म्हणणं, खतपाण्याचा दोष नाही. बी त्याच झाडाचं, पण बीचं झाड थोडं वेगळं निघतेच, हुबेहूब पाहिजे तर कलम करायचं होतं. वर मले म्हणे, तुमी दोघी बहिणी तरी आईसारख्या कुठं दिसता?

त्याचं खरं आहे. तू आबांवर गेली, मी कोणावर गेली देव जाणे.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी येऊन राहिली. आईचं झाड मी पुष्कळ पाहिलं, आता तुझं पाहायचं आहे. तोवर येईल ती कळी झाडावरच राहू दे.

भेटीत बाकीचं.
तुझी माणिकताई