शेजारच्या कार्डावरचा दहा

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी

ती. त्रिंबकमामांना मुंजाबाचा वाकून नमस्कार, आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या बानामामींना त्याहून थोडं जास्त वाकून. मामांचा गुडघा कसा आहे? मामींची दाढ पडली की अजून लोंबकळतीय? माळावरचा चारा किती दिवस पुरेल, आणि तो शिंग मोडलेला मेंढा अजून एसटीला आडवा जातो का, हे सगळं सविस्तर कळवा. मी इकडं खुशाल आहे. खुशाल म्हणजे हातपाय जागेवर आहेत, दोन वेळा पोटात जातंय, आणि माझं डोकं, जे तुमच्या मते जन्मापासून चुलीवरच ठेवलेलं आहे, ते सध्या खाली उतरवून ठेवलंय. निवतंय हळूहळू.

दोन महिने माझा फोन लागत नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. काळजी करू नका, तो फोन चोरीला गेला नाही. मी तो विकला आणि त्याचे छर्रे आणले. (मामी, घाबरू नका. छर्रे हवेच्या बंदुकीचे, आणि ते कागदावर मारायचे असतात. कागदानं तुझं काय वाकडं केलं, असं मामा आता विचारतील. त्यांना म्हणावं दम धरा, सगळं पत्र त्याचंच आहे.)

सुरुवात तुमच्यापासूनच झाली, मामा. दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या पलीकडं एक नेमबाजीचा क्लब आहे, तिथं मी मित्राबरोबर सहज गेलो. तिथं आप्पासाहेब म्हणून पलटणीतून निवृत्त झालेले गुरुजी शिकवतात. त्यांनी विचारलं, आधी कधी नेम धरलाय का? मी छाती काढून सांगितलं, पाचोडला ज्वारीच्या मचाणावर उभं राहून माझ्या मामांनी मला गोफण शिकवलीय, उडत्या पाखराचा नाय, पण बसल्या पाखराचा फांदीसकट नेम घेतो. आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी हातात बंदूक दिली आणि म्हणाले, "गोफन में घूमना पडता है बेटा, इसमें रुकना पडता है. देख, रुकता है क्या." दहा मीटरवर कागदाचं कार्ड, त्यावर काळं वर्तुळ, आणि वर्तुळाच्या मधोमध दहाचा ठिपका, बाजरीच्या दाण्याएवढा. मी थांबलो. म्हणजे माझ्या मते थांबलो होतो. बंदुकीचं टोक मात्र कोकरानं शेपूट हलवावं तसं हलत होतं. आणि त्याच क्षणाला मला या खेळाचा राग आला, आणि मला राग आला की मी तिथून हलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आता खर्च. रुपयांत सांगितला तर तुमच्या लक्षात राहणार नाही, म्हणून मेंढ्यांत सांगतो. चांगली परदेशी बंदूक म्हणजे आपला सगळा कळप, कुत्र्यासकट. ती मी घेतली नाही (मामी, मामांना बसू द्या, घेतली नाही म्हणालो), क्लबाची भाड्यानं वापरतो. ते भाडं महिन्याला एका मेंढीचं मागचं तंगडं. छर्ऱ्यांचा डबा पाचशे नगांचा, तो आठवड्यात संपतो. हात थरथरू नये म्हणून हातमोजा, दुसरा डोळा झाकायला पट्टी, तळवा सपाट असलेले बूट. हे बूट घालून चाललं की माणूस बदकासारखा दिसतो. आणि जाकीट. जाड कापड आणि कातड्याचं, लाकडासारखं कडक, पाठ वाकू नये म्हणून. ते मी एका सुटलेल्या पोटाच्या वकिलाकडून जुनं घेतलं, सव्वा मेंढीला. एवढी मोठी पिशवी माझ्याकडं नव्हती, म्हणून ते अंगात घालूनच कंपनीच्या बसमध्ये चढलो. त्यात बसता येत नाही, मामा. सीट रिकामी असताना मी पाऊण तास बुजगावण्यासारखा उभा. एका बाईंनी कळवळून विचारलं, मणक्याचं ऑपरेशन कधी झालं. मी म्हणालो, झालं नाय अजून, पैसे भरलेत फक्त.

कंपनीची बस म्हणालो, ते तुमच्या कानानं धरलं असणार. (मामी, पुढची दोन वाक्यं हळू वाचा आणि वाचायच्या आधी तांब्या जवळ ठेवा.) मामा, तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी तुम्ही तीन मेंढ्या विकून पैसे पाठवले होते, ती फी मी भरली नाही, ते पैसे याच खेळात गेले. कॉलेज सोडून मला आठ महिने झाले, वाळूजला एका कारखान्यात बोल्ट मोजून खोक्यात भरतो, आणि तुम्ही फोनवर 'अभ्यास कसा चाललाय' विचारायचात तेव्हा मी 'जोरात' म्हणायचो.

हे मी आज का सांगतोय, ते सांगायचं तर आशाबद्दल सांगावं लागेल.

आशा क्लबात माझ्या आधीपासून आहे. वडील नानासाहेब, मूळचे खुलताबादकडचे, वाळूजलाच दुसऱ्या कारखान्यात आहेत. मुलीच्या छर्ऱ्यांसाठी ते महिन्यातून दहा दिवस दोन दोन पाळ्या करतात आणि मोटरसायकलवर डोळे उघडे ठेवून झोपतात. पहिले तीन महिने मी तिच्याशी बोललो नाही, कारण तिच्या शेजारी उभं राहिलं की मला बोलता येत नव्हतं. आप्पासाहेब शिकवायचे की श्वास अर्धा सोडायचा, काळजाच्या दोन ठोक्यांच्या मधे जी उसंत असते तिच्यात बोट दाबायचं. माझ्या ठोक्यांच्या मधे उसंतच राहिली नव्हती. आप्पासाहेबांनी एकदा माझी नाडी धरली, शेजारी पाहिलं, आणि मला दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. तिथून माझे गुण वाढले आणि माझं मन उडालं.

मग ती लाथ घडली. एका दुपारी लागोपाठ सहा छर्रे सातवर गेले आणि मी नव्या डब्याला लाथ मारली. पाचशे छर्रे फरशीभर. शिशाचे असतात, बारीक. नुसत्या पडण्यानंही कडा चेपते, आणि कडा चेपलेला छर्रा सरळ जात नाही. मी तसाच गुरगुरत उभा. आशा आली, कुठूनतरी एक काच आणली, खाली बसली, आणि एकेक छर्रा उचलून काचेवर घरंगळायला लागली. सरळ घरंगळला तो डब्यात, वाकडा गेला तो बाजूला. मामी ज्वारीतले खडे निवडतात तशी. मीही बसलो. दोन तास. दोनशे चाळीस निघाले चांगले. शेवटी तिनं वाकड्यांचा ढीग माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "हे घरी ठिव. राग आला की मोजत जा." मामा, त्या लाथेची किंमत अर्धा डबा झाली, पण एवढ्या स्वस्तात मला आयुष्यात काही मिळालेलं नाही. त्यानंतर हजेरी कमी म्हणून कॉलेजच्या बाबूनं मला टोमणा मारला आणि मी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म त्याच्या टेबलावर फाडून कॉलेजातून कायमचा बाहेर पडलो. खिशात छर्रे होते, पण मोजायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात शहरात सामने झाले. साठ छर्रे, साठ कार्डं, दर कार्डावर एकच. पाचशे सत्तर गुण झाले की पुढं राज्याच्या निवडीला जायचं. उभं राहायची माझी जागा सहावी, आशाची सातवी, म्हणजे शेजारीशेजारी. आप्पासाहेब त्या दिवशी जागा ठरवणाऱ्यांत नव्हते. माझी बेरीज विचारू नका. आशाच्या एकोणसाठ कार्डांचे पाचशे एकसष्ट झाले होते, शेवटच्यावर नऊ हवे. तिनं बंदूक उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मन स्थिर नसेल तर न मारता खाली ठेवायची, हेच या खेळातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मला कधीच जमलं नाही. इतक्यात पाठीमागं खुर्चीवर बसलेला एक जण, स्वतःची कळपाएवढी बंदूक असलेला, शेजारच्याला म्हणाला, "शेवटी हात कापतोच ह्यांचा." मी अख्खा वळून त्याच्याकडं असं पाहिलं की तो मिशी पुसायला लागला. मग पुढं वळलो. डोक्यात जाळ होता, पण हात एकदम शांत. समोर काळं वर्तुळ दिसलं, श्वास अर्धा सोडला, उसंत सापडली, बोट दाबलं.

दहा! दाण्याच्या बरोबर मधोमध. जन्मातला सगळ्यात सुंदर नेम. आणि तो आशाच्या कार्डावर.

तुमचीच शिकवण, मामा. आपल्या शेतातली पाखरं उठवण्यात काय मोठेपणा, शेजारच्या बांधावर बसल्यात ती आधी उठव. डोकं तापलं की माझा हात अजून शेजारच्याच शेतात जातो.

आशाला आधी कळलंच नाही. तिनंही तेवढ्यात मारलं. माझं कार्ड कोरं, तिच्यावर दोन भोकं: एक दहा, एक आठ. पंच भिंग घेऊन आले. नियम असा आहे की कुठलं भोक कुणाचं हे सांगता येत नसेल, तर वरचा आकडा ज्याचं कार्ड त्याला मिळतो. पंचांनी तिला विचारलं, "सांगता येतं का?" गप्प राहिली असती तरी चाललं असतं. आशा म्हणाली, "येतं. आठ माझा. सुटतानाच उजवीकडं ओढला व्हता."

मी ओरडलो, "खोटं बोलतीय ती! दहा तिचाच हाय, माझा छर्रा भिंतीत गेलाय!" पंचांनी मला गप्प बसायची ताकीद दिली. त्या जाकिटात नुसती मान वळत नाही, अख्खं माणूस वळवावं लागतं; तशी ती कपाट फिरवल्यासारखी सावकाश माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मुंजाबा, तुझं शून्य तू ठेव. माझे आठ मला राहू दे."

पाचशे एकोणसत्तर. आशानं बंदूक पुसली, पेटीत ठेवली. नानासाहेब लेकीला म्हणाले, "चल, मला दुसरी पाळी हाय," आणि पेटी मोटरसायकलला बांधली. बांधताना त्यांचे हात मी पाहिले. वर्षभराच्या दोन दोन पाळ्या त्या दोरीच्या गाठीत होत्या, आणि लेकीनं एक खरा आकडा सांगून त्या आणखी लांबवल्या. त्यांना ते कळलं होतं, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. तेच मला झेपेना.

तोवर मी हा खेळ महाग म्हणून सगळ्यांपुढं बोंबलत होतो. जाकीट महाग, छर्रे महाग, प्रवेश फी महाग. खोलीवर येऊन वाकडे छर्रे मोजायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की मी या खेळाचं अजून काही दिलेलंच नाही. मेंढ्या तुमच्या गेल्या, भूक मामींनी मारली असेल, पाळ्या नानासाहेबांनी केल्या, आठ आशानं सांगितला. माझ्या कार्डावर भोकसुद्धा नाही. आणि फोन होता तोवर तुम्ही विचारायचात तेव्हा मी माझ्या कोऱ्या कार्डावर 'जोरात' म्हणून दहा लावून घेत होतो. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मधेच शिव्या घातल्या असत्या आणि मी मधेच ठेवून दिला असता. पत्रात दोघांनाही थांबावं लागतं.

तर मामा, मी बंदूक सोडली. पगारातून दर महिन्याला पैसे पाठवत जाईन, वर्षाच्या आत तीन मेंढ्या दावणीला येतील. त्याच येणार नाहीत, पण मेंढ्याच येतील. मी तुमच्याकडं काही एक मागत नाही. दिवाळीला पाचोडला येऊ का, एवढंच कळवा. नको म्हणालात तरी उलटं बोलणार नाही, खिशात छर्रे आहेत, मोजीन. मामींना दाढेवर लवंग ठेवायला सांगा, पत्र लांबलं, बोलून दुखली असेल.

तुमचाच, पण अजून थरथरणारा,
मुंजाबा

ता. क. बंदूक सोडली असं वर लिहिलंय, ते लिहिताना खरंच होतं. पत्र तसंच ठेवून आज सकाळीच जाकीट विकायला क्लबात गेलो, तर आप्पासाहेबांनी ते मला पुन्हा चढवलं आणि म्हणाले, "अब जाके तू रुका है, और अब जाता है?" तीन महिन्यांनी परत सामने आहेत. फी पगारातून भरली. तेवढ्यामुळं पहिली मेंढी एक महिना उशिरा येईल.

ता. क. दुसरं. काही मागत नाही म्हणालो होतो, पण एक मागतो. तीन आठवडे आशा बोलत नव्हती. काल मी तिला सगळं सांगितलं: फीचं, तुमचं, शेजारच्या बांधावरच्या पाखरांचं. ती हसली नाही. काच पुसत होती, पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "मामाला सांगितलंस का हे?" मी म्हणालो, उद्या लिहितो. मग म्हणाली, "गोफण कशी फिरवतात ते दाखव एकदा." तेव्हा तुम्ही काळ्या-पांढऱ्या लोकरीची विणता तसली एक गोफण, बाजारच्या दिवशी बद्रीनाथ टेम्पोवाल्याजवळ पाठवून द्या.

ता. क. तिसरं, आणि हे महत्त्वाचं. गोफण एकच पाठवा. दोन आल्या तर मीही तिच्या शेजारी उभा राहीन, आणि माझा दगड कुठं जाईल ते तुम्हाला माहीत आहे.