तिसरी डमी

१० जानेवारी

ताई आणि मी वसतिगृहातल्या एकाच पलंगावर बसून फाटके मोजे शिवायचो. सिस्टर हात फिरवून बघायच्या; टाका बोटाला लागला की पुन्हा उसवा. ताई माझे मोजे गुपचूप शिवून द्यायची आणि वर मलाच ऐदी म्हणायची. आज ते आठवलं, कारण ताईच्याच लेकीने मला हे काम मिळवून दिलंय. ती सिनेमात नटी, मी कपडेपटात शिंपीण. निघताना ताईने बजावलं, पोरगी तुझ्या पदरात टाकतेय, नीट आण.

शूटिंग एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात आहे. भिंतींना अजून वास आहे. मला तो आवडला, नुकतंच कुणी न्हाऊन गेल्यासारखा. माझ्या खोलीला मोठी खिडकी, मागे धोब्याची गाडी लागते. मशीन पायाचं, पण लोण्यासारखं चालतं.

सिनेमा खऱ्या माणसावर आहे. इथलाच एक कामगार मुलींचे गळे दोरीने आवळून, मग चिरून त्यांना आवारात पुरायचा. लोक त्याला साबणवाला म्हणत. तुरुंगातच मेला. ज्या फौजदाराने त्याच्याकडून कबुली काढली तो आता निवृत्त, सल्लागार म्हणून सेटवर असतो. तोंडाचा फार गोड. पहिल्याच दिवशी मला बहीण मानून मोकळा झाला.

१४ जानेवारी

खुन्याच्या शर्टाच्या पाच प्रती शिवल्या. प्रत्येक टेकला रक्त उडतं, मग कोरा शर्ट लागतो. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग. मुंग्यांची चंगळ!

काल पहिली मुलगी ‘मेली’. हिरोला काही केल्या जमेना, तेव्हा फौजदाराने पाचवा शर्ट मागून घेतला, स्वतः चढवला आणि म्हणाला, बघा, असं. गुडघा तिच्या पाठीत, दोरी मुठीवर दोनदा गुंडाळलेली. पोरीच्या टाचा फरशीवर तडतडल्या. डोळ्यांत रक्त उतरलं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला तरी याची मूठ सुटली ती जरा वेळाने. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही खोकत खोकत हसली.

इथे रीत अशी, की जी मेली तिला सुट्टी. केक, फुलं, एक फोटो, आणि पोरगी घरी. दुसऱ्या दिवशी कुणी तिचं नावही काढत नाही. फौजदार म्हणाला, मी स्टेशनवर सोडतो, माझ्या वाटेवरच आहे.

१७ जानेवारी

धुवायला काढलेल्या चार शर्टांवर मुंग्यांच्या रांगा होत्या. पाचव्यावर एकही नाही. फौजदार तो अंगावर घालूनच पोरीला सोडायला गेला होता; दुसऱ्या दिवशी परत केला, रंग जरा जास्तच सांडला म्हणत.

कोमट पाण्यात चार शर्ट निघाले, पाचवा निघेना. मी हट्टी. गार पाणी आणि मीठ लावून चोळलं, पाळी सुरू झाली तेव्हा आईने आम्हा बहिणींना शिकवलं होतं तसं. लख्ख निघाला. मला कोण अभिमान! दोरीवर घालताना मात्र हात थांबले. पाकाला मीठ कधी लागलंय?

शर्टावर खरं रक्त होतं, असं दिग्दर्शकाला सांगितलं. तो हसून म्हणाला, मावशी, सिनेमा डोक्यात गेला तुमच्या. दाखवा बघू शर्ट. काय दाखवू? मीच धुतला.

२० जानेवारी

काल दुसरी मेली. केक कापला. फौजदाराची गाडी.

आज पहिलीच्या आईचा फोन आला, की पोर घरी पोचलीच नाही. मॅनेजर म्हणाला, गेली असेल कुणाबरोबर, नट्याच त्या.

उद्या माझ्या भाचीचा सीन. चल घरी म्हटलं तर चवताळली. पहिला मोठा रोल आहे मावशी, माझ्या पायावर धोंडा पाडू नकोस. बरं बाई, म्हटलं. रात्रभर तिच्याकडे बघत बसले.

२१ जानेवारी, दुपार

कलाविभागाने प्रेतांच्या दोनच डमी केल्या होत्या. कोठारात प्लास्टिकखाली तीन आहेत.

तिसरीला कोट चढवायला सांगितला होता. तिचा हात वळेना. डमीला आम्ही टाचण्या थेट अंगातच खुपसतो, आत स्पंज असतो. खांद्यात खुपसली. स्पंज नव्हता. टाचणी काढली तर मागून पातळ, काळं— चेहऱ्यावर प्लॅस्टर थापलेलं. कानाजवळचं नखाने खरवडलं. तीळ. त्या दुसऱ्या पोरीची मापं घेताना पाहिलेला. दुसरी.

सकाळी हिलाच कॅमेऱ्यासमोर नेऊन आणलं. डमी किती खरी म्हणून कौतुक झालं—

वरून टाळ्या. भाची मेली. केक.

थोड्या वेळाने

जिन्याखाली फौजदार गाडीच्या किल्ल्या फिरवत उभा होता. म्हटलं, पोशाख उतरवून घेते, शिवण उसवलीय. भाचीला माझ्या खोलीत ओढलं, कडी लावली, सगळं सांगितलं. खिडकीतून धोब्याच्या गाडीत, गाठोड्यांखाली. इथल्या ठाण्यात नको, तिथे सगळे त्याचेच चेले. पुढच्या गावी जा.

मी नाही गेले. मशीनचा आवाज थांबला तर त्याला कळेल. पाय मशीनवर, हात वहीवर.

युनिट जेवायला पलीकडच्या इमारतीत. मोबाइल गेटवर जमा. ओरडू? इथे रोजच कुणीतरी किंचाळतं.

किती वेळ, ताई, म्हणून दाराबाहेरून विचारतोय. म्हटलं, झालंच.

नंतर

त्याने दाराची फळी फोडली. हात आत आला, कडी शोधत. कात्री तळव्यातून आरपार. तो ओरडला नाही. हसला. तुझी पोर कुठे जाईल, म्हणाला. म्हणजे ती आत नाही हे त्याला कळलं—

माझ्या कपाळावर फळीचा तुकडा लागला. डोळ्यात रक्त. पाय चालूच. गाडी फाटकाबाहेर पडू दे.

वही मशीनच्या खणात ठेवतेय. ज्याला मिळेल त्याने—

कात्री पोलिसांना. तिच्यावर त्याचं रक्त आहे, तशीच द्या. तिसरी डमी तिच्या आईला. पहिलीसाठी आवार खणा.

कानातलं ताईला. चष्मा कुणालाही. शिलाईची पेटी भाचीला, रिळांसकट.

बिजागरी—

आणि पोर अनवाणीच गेली. तिला आधी चपला घेऊन द्या. नको म्हणेल, तिचं ऐकू—