टुरिस्ट व्हिसावरचे भरीत

४ डिसेंबर १९८८, सावदा
हॉलंडचे एक केळीतज्ज्ञ आमच्या फळविक्री संस्थेला भेट देणार. अध्यक्ष जीवराम आबांनी सगळी व्यवस्था माझ्यावर सोपवली. संस्थेचा सेक्रेटरी मी, आणि बी.ए.ही मीच एकटा. साहेब आमच्याच घरी उतरणार. माझा चोखपणा पाहून ते मला हॉलंडला बोलावतील, यात शंका नाही. परदेश पाहायची कॉलेजपासूनची इच्छा. पाहुण्याबद्दल असा स्वार्थ धरावा का? बराच विचार केला. धरावा. पासपोर्टचा अर्ज आजच भरणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अर्ज 'शरीरावरील दिसणारी खूण' इथे अडला. भुवईवर वण आहे, पण चष्मा लावला की तो फ्रेमखाली जातो. मग त्याला दिसणारा म्हणावे का? बायको कुंदा म्हणाली, चष्मा काढून लिहा. काढला. अर्ज दिसेना.

११ डिसेंबर
साहेब आले. फार उंच. आमच्या दारात कपाळ आपटले. त्यांची खुणेची सोय झाली. आडनाव व्हान काहीतरी. आबांनी पहिल्या चहालाच त्यांचे वनाभाऊ केले.
चहानंतर मी नम्रपणे पासपोर्ट मागितला. व्हिसा टुरिस्ट! टुरिस्टने हिंडावे, काम करू नये. इथे तर करपा रोगाने केळीची पाने वाळत चालली आहेत आणि सगळे साहेबांच्या सल्ल्याची वाट पाहत आहेत. सल्ला देणे हे कामच. आबांना पोलिसांनी नेले तर? आणि माझ्या हॉलंडचे काय?

१२ डिसेंबर
तोडगा काढला. साहेबांनी केळी बघावीत, मत देऊ नये. बघणे हे पर्यटन. त्यांना इंग्रजीत समजावले. हसले. नियम पाळणारा माणूस त्यांना आवडलेला दिसतो.
झिपरू पाटलाच्या बागेत साहेबांनी करपलेले पान हातात धरले आणि तोंड उघडले. मी लगेच म्हणालो, "ब्युटिफुल, नो?" झिपरू तापला. "ओ सेक्रेटरी, त्याले बोलू द्या ना! माही बाग वाळून राह्यली अन् तुम्ही त्याले देखावा दाखवता!" अज्ञान.

१३ डिसेंबर
जळगावला जाऊन पोलिसांच्या कचेरीत विचारले: फुकट दिलेला सल्ला हे काम धरतात का? हवालदार म्हणाले, "मी देऊ एक? घरी जा." उत्तर संदिग्ध वाटले.

१४ डिसेंबर
झिपरूच्या मळ्यात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. कुंदा ती होडीसारख्या लांब लाकडी बडगीत ठेचत होती. साहेबांनी हौसेने मुसळ मागून घेतले. मी काढून घेतले. ठेचणे म्हणजे श्रम. कुंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, पाहुण्याला खाता तरी येतं का? की त्यालाही शिक्का लागतो?" सगळे हसले. कर्तव्य करणाऱ्याला सोसावे लागते.
शेवटी मुसळ माझ्याच हाती आले. पहिल्याच घावाला वांगे चष्म्यावर उडाले. पुसून येतो तो साहेबांनी झिपरूला सगळे सांगून टाकले होते: रोगट पाने कापायची, जाळायची, बागेत पाणी साचू द्यायचे नाही. पण सांगितले ते हातवाऱ्यांनी. हातवाऱ्यांबद्दल नियमांत काही नाही. साहेबांनी भरीत पुन्हा पुन्हा घेतले. माझ्या व्यवस्थेवर खूश असावेत.

१६ डिसेंबर
साहेब गेले. माझा हात बराच वेळ हलवला. म्हणाले, मी पत्र पाठवीन. झाले, हॉलंड पक्के! वणाचा निर्णय उद्या.

२० फेब्रुवारी १९८९
झिपरूच्या बागेला नवी हिरवी पाने. साहेबांचे पत्र. तिकडच्या शेतीप्रदर्शनात खाण्याचा विभाग असतो. त्यात भरीत करून दाखवायला निमंत्रण: मिसेस कुंदा. नवऱ्याला सोबत आणता येईल, मात्र त्याला तिथे कोणतेही काम करता येणार नाही.
हे मीच कुंदाला आणि आबांना मोठ्याने वाचून दाखवले. कुंदा म्हणाली, "त्यात काय अवघड? घरी करताच की सराव."
आबा म्हणाले, "वहिनी, आमच्या सेक्रेटरीले मुसळाजवळ येऊ देऊ नका."
मनात मत्सर आला का? तपासले. आला.

९ मे
कुंदाचा पासपोर्ट आला. खुणेच्या जागी तिने हातावरचे गोंदण लिहून टाकले होते, विचारसुद्धा न करता. मुंबईच्या वकिलातीत विचारले, तिकडे काय करणार? म्हणाली, वांगी भाजणार. व्हिसा मिळाला. माझा अर्ज वणापाशीच आहे. घाईत खोटी माहिती देणे माझ्याने होणार नाही.

२ जून
कुंदा भुसावळहून गाडीने निघाली. तिथून पुढे विमान. तिची बडगी मी खांद्यावर घेऊन घराबाहेर पडत होतो. बडगी चौकटीला अडली आणि तिची कड माझ्या कपाळावर बसली. मोठे टेंगूळ आले आहे. चष्म्याच्या चांगले वर, लांबून दिसते.
म्हणजे खुणेचा प्रश्न सुटला. पण सूज ही खूण धरतात का?
उतरते का, ते आधी पाहावे.