उतारावरचा ओटा

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर

प्रिय शिफा,

सुधारित आराखडा मिळाला. उत्तरास विलंब झाला. कागद टेबलावर पसरलेलेच होते. पण तुझी अम्मी गेल्यापासून बसल्याजागी संध्याकाळ होते, आणि दिवा लावायलाही उठवत नाही.

रविवारी शाहूवाडीला जाऊन आलो. भातकापणी उरकली आहे. पावसात आपल्या प्लॉटची वरची माती थोडी घसरली, परंतु संरक्षक भिंत जागची हललेली नाही. कृष्णात मिस्त्रींनी तुझी चौकशी केली. उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि मी तो धरू दिला; यावरून माझ्या गुडघ्यांविषयीचे तुझे म्हणणे मला मान्य आहे, असे समज.

शयनगृह आणि न्हाणीघर रस्त्याच्या पातळीवर घेतलेस, हे योग्य केलेस. पाहुण्यांची खोली वगळलीस, तेही योग्य. आता पाहुण्यांची उठबस करणार कोण? स्वयंपाकघर मात्र चार पायऱ्या खाली, कासारी नदीकडे तोंड करूनच ठेवलेस, याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. वारणानगरच्या वसाहतीत तुझ्या अम्मीने उभी हयात भिंतीकडे पाहत भाकऱ्या थापल्या. हा प्लॉट घेताना, इतक्या तीव्र उतारावर घर बांधणे शहाणपणाचे नाही, असे मी भूगोलाच्या प्राध्यापकाला शोभेल अशा विस्ताराने तिला समजावले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाकीचं घर कसंबी बांधा, पण माझ्या शेगडीम्होरं नदी पायजे."

तू तेव्हा पुण्यात होतीस, म्हणून लिहितो. भिंतीचे काम चालू असताना जांभ्या दगडांचा एक ढीग रचलेला होता. त्यासमोर ती उभी राहिली, पदर खोचला आणि भाकरी थापल्यासारखे हात फिरवून पाहिले. मग मिस्त्रींना वरचा थर उतरवायला लावला आणि ओट्याचे माप ठरवून टाकले. मिस्त्री म्हणाले, "वैनी, लईच बुटका हुतोय की. सरांस्नी कवा सैपाकाची पाळी आली तर कंबर मोडंल." ती म्हणाली, "सर आन् सैपाक? त्या दिवशी कासारी उलटी व्हाईल." सगळे हसले. मीही हसलो. तो ढीग नंतर भिंतीतच गेला.

खानावळीचा डबा मी गेल्या महिन्यात बंद केला. चहा जमतो. भातात पाणी अजून जास्त होते, आणि आमटीविषयी न लिहिणेच बरे. रविवारी प्लॉटच्या टोकाशी बराच वेळ उभा होतो. कासारी नेहमीच्याच दिशेने वाहते आहे.

नव्या आराखड्यात ओटा तू माझ्या उंचीला साजेसा उंच केला आहेस. वास्तुविशारद म्हणून तुझा निर्णय बिनचूक आहे. तेथे यापुढे मीच उभा राहणार आहे. बाकी सर्व तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे. केवळ एवढ्याचसाठी हे पत्र लिहावयास बसलो, की ओटा तिच्या मापाचाच राहू दे. मी वाकेन.

तुझेच,
अब्बा