गौरीपुढची निळी फुलं

झिंडेलफिंगेन
रविवार, ४ मे २०२५, सकाळी ६.४०
आत्ताच एप्रनला इस्त्री करून झाली.

ति. शुभदामावशीस नमस्कार.

मी ठीक आहे. हॉटेलच्या किचनमध्ये आता मला सूप करू देतात. तू दिलेली आंबेडाळ दोन दिवस पुरवून खाल्ली. फ्रँकफर्टला थंडी कमी झाली असेल.

डीटमारकाका आता तुमच्या लेकीला, अन्वीला, जुलैत आल्प्सवर नेणार नाहीत, असं काल तू फोनवर म्हणालीस. फुलं तोडल्याचा नाही, खोटं बोलल्याचा त्यांना राग आहे. ती रडत "इश वार्स निश्ट" म्हणत होती ना, मी नाही केलं म्हणून? मावशी, ती खरं बोलत होती.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मला बागेतली दगडी कुंडी दाखवली. शेवाळासारखं बसकं झाड, त्यावर शर्टच्या बटणापेक्षा लहान निळी फुलं. ते फार आनंदात बोलत होते. मला फक्त 'आल्प्स' कळलं. डिप्लोमा अर्धवट सोडला, जर्मनही अर्धवटच, असं त्यांना वाटू नये म्हणून मी प्रत्येक वाक्याला "या, या, गेनाऊ", हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणत राहिलो.

सकाळी तू म्हणालीस, "मल्हार, गौरीला बागेतली चार फुलं आण रे." आपल्याकडे देवासाठी शेजाऱ्याच्या कुंपणावरचीही कुणी विचारून घेत नाही. ही तर घरचीच. त्या कुंडीत एकही मागे ठेवलं नाही.

काल फोननंतर त्या फुलाबद्दल शब्दकोश घेऊन वाचलं. हिमेल्सहेरोल्ड. उंचावर, जिथे झाडं उगवत नाहीत, तिथे खडकाच्या फटीत वाढतं. खाली बागेत सहसा जगतच नाही. काकांनी बी पेरून जगवलं होतं, पहिल्यांदाच फुललं होतं. ते हेच सांगत असणार, आणि मी गेनाऊ म्हणत होतो.

फुलं तूच तोडलीस ना, असं ते अन्वीला विचारत होते तेव्हा मी शेजारीच पन्ह्याचे ग्लास भरत होतो.

आणखी एक. काकांचा आवाज चढला तेव्हा तू गौरीच्या पायाशी पाहिलंस, निळ्या फुलांवर ट्यूलिपच्या पाकळ्या सारल्यास आणि मला म्हणालीस, "सांडशील हं." कदाचित मला उगाच तसं वाटलं असेल.

हे पत्र काकांना आणि अन्वीला जर्मनमध्ये वाचून दाखव. शनिवारी मी येतोच आहे, पण हे माझ्या जर्मनवर सोडायला नको. वरचा परिच्छेद वाचायचा की नाही ते तू ठरव. माझं मात्र काही गाळू नकोस, 'गेनाऊ'सुद्धा.

बेल वाजवीन. कुणी दार उघडेपर्यंत बाहेर थांबेन.

मल्हार
(अन्वी पुढे 'दादा' लावते. आज मी ते लिहीत नाही.)